चोपणातली मंडळी

मुजावर सरांना येडा म्हणणाऱ्यांत माझा नंबर पहिला. बाकीचे नंतर आले. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक, त्यामुळं त्यांचा येडेपणा आधी माझ्याच टेबलावर यायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक माणूस बाहेर स्कूटर उभी करून आत आला. त्यानं खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "खारट हाय. पण नुसतं मीठ न्हाय, सोडा पण हाय." मला वाटलं, पेशंट चुकून इकडं आला. मी म्हणालो, "दवाखाना पलीकडं आहे." तर म्हणतो कसा, "मी इथं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. तुम्ही नवे वाघमारे ना? जरा पाणी द्या, चूळ भरायचीय."

रोज्याच्या महिन्यात मात्र माती चाखत नसत, नुसती हुंगत. तेवढा संयम होता.

कॉलेजचं नाव सांगत नाही. हायवेला लागून आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर प्राचार्य ओळखू येतील, आणि माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीय. सर राहायला नळदुर्गला. डोक्याला रुमाल, पायात चपला, आणि शर्टाच्या दोन्ही खिशांत पुड्या. लग्नाचं आवतण घेऊन कुणी आलं की म्हणायचे, "येतो की. आहेर आणतो. पण येताना तुमच्या रानातली मूठभर माती द्या." लोक द्यायचे. नवरदेवाच्या मांडवातनं हा माणूस जेवून, ढेकर देऊन, मातीची पिशवी काखेत मारून निघायचा. त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, एकदा मला फोन करून विचारलं होतं, "वाघमारे भाई, तुमच्या कॉलेजात बांधकाम चालू हाय का हो? ह्यांचे शर्ट धुऊन माझे हात गेले."

सरांचा विषय म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यातही साधे, सरळ, घरंदाज जीव पाळतील तर ते मुजावर सर कसले! जिथं गवत उगवत नाही, कुत्रं बसत नाही, तिथले हुडकायचे. साखर कारखान्याच्या गरम पाण्याच्या नाल्यातले. चुनाभट्टीच्या कडेचे. किल्ल्याच्या दगडावर काळा थर असतो, भर मे महिन्यात त्यावर हात ठेवला तर कातडी निघेल, त्या थरातले. आणि सगळ्यांत लाडके, चोपणातले. चोपण म्हणजे खारवलेलं रान. उन्हाळ्यात वर पांढरं फूल येतं, मीठ सांडल्यासारखं. पावसाळ्यात पाय रुततो. बी टाकलं तर कुजून जातं. अशा रानाकडं मालकसुद्धा तोंड फिरवून जातो. सर तिथं उकिडवे बसून तासन् तास खरवडत असायचे.

मी एकदा विचारलं, "सर, चांगल्या काळ्या मातीतले का घेत न्हाय?"

"तिथं कुणीबी राहील, वाघमारे. त्यात काय तारीफ?"

या सगळ्यांना ते 'मंडळी' म्हणायचे. मंडळी राहायची काचेच्या नळ्यांत. नळीत तिरकं गोठवलेलं खाद्य, दुधाच्या खरवसासारखं, आणि त्यावर ओढलेली एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे मंडळी. पिवळी, पांढरी, काळपट. नळ्या एका जुनाट फ्रिजमध्ये. थंडीत ती पेंगतात, मरत नाहीत. पण हळूहळू खाद्य वाळतं, म्हणून दर तीन महिन्यांनी एकेकाला नव्या नळीत हलवायचं. हलवलं नाही की संपलं. वीसेक वर्षं सरांनी ती पाळी एकदाही चुकवली नव्हती. शुक्रवारची नमाज झाली की दुपारपासून दिवे लागेपर्यंत तेच काम. दिव्याच्या ज्योतीत तार लाल करायची, गार करायची, जुन्या नळीतून उचलायचं, नव्यात रेघ ओढायची. त्या वेळी प्राचार्य आले तरी मान वर नाही. मला हात लावू द्यायचे नाहीत. माझं काम खाद्य शिजवायचं, नळ्या धुवायच्या आणि कुकर लावायचा. आमच्याकडं ऑटोक्लेव्ह म्हणून मोठा प्रेशर कुकर असतो, त्यात घातलेलं काही म्हणजे काही जिवंत राहत नाही.

'तुम्ही रिटायर झाल्यावर या मंडळींचं काय?' हे मी पहिल्या वर्षी चेष्टेनं विचारलं होतं. शेवटी शेवटी चेष्टा करायची सोय राहिली नाही. कारण सरांची जागा भरणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या फ्रिजमधलं सगळं एका माणसाच्या हातावर जगत होतं.

पोरं त्यांना बुरशी सर म्हणायची. वर्गात हजेरी कमी, झोप जास्त. सर त्यांना सांगायचे, "तुम्हाला पुण्याला जायचंय, बरोबर? इथं पाणी न्हाय, लाइट न्हाय, नोकरी न्हाय. हे बघा, हे उकळत्या नाल्यात राहतंय. ह्यानं कधी अर्ज केला का बदलीसाठी?" पोरं हसायची आणि पुण्याला जायची. सरांची बदली झाली नाही, बढती झाली नाही. आपण लोकांना हसतो खरं, पण त्यांनीही कधी अर्ज केला नव्हता.

बढती का झाली नाही तेही सांगतो. प्राचार्यांच्या मेहुण्यानं जिवाणू खताचा धंदा काढला. बाटलीवर शेतकऱ्याचा हसरा फोटो, आत म्हणे कोट्यवधी उपयोगी जिवाणू. कॉलेजात शेतकरी मेळावा ठेवला आणि प्रमाणपत्र द्यायला सरांना बसवलं. नुसतं 'उत्तम आहे' म्हणायचं होतं हो! तेवढं तर मीही म्हणालो असतो, वर चहा मिळाला असता. पण सरांनी आठ दिवस आधी बाटली आणून तपासलेली. माइकवर उभे राहिले आणि अगदी काळजीनं म्हणाले, "ह्यात जिवंत काय सापडलं न्हाय. मी मेलेले पण शोधले. मेलेले तरी असायला पाहिजेत ना? ही नुसती काकवी हाय. पोळीबरोबर चांगली लागंल." सगळा मंडप हसला. मेहुणा हसला नाही. त्या दिवसापासून सरांचा कुठलाही कागद प्राचार्यांच्या टेबलावर गेला की तिथंच झोपायचा.

आता तामलवाडीच्या लिंबाजीअप्पांचं.

सरांकडं मंडळींची शास्त्रीय नावं शोधायचं मशीन नव्हतं. मग त्यांनी आपली गावठी पद्धत काढली. नळीवर गावाचं नाव, रानमालकाचं नाव आणि जमिनीची जात. 'बेंबळी, शिंदे, बांध.' 'नळदुर्ग, किल्ला, उत्तर भिंत.' आणि 'तामलवाडी, लिंबाजी, चोपण.' आता हे कुणीतरी पोरानं गावात जाऊन सांगितलं, आणि सांगताना थोडं मीठमसाला लावला. एका सोमवारी लिंबाजीअप्पा थेट प्रयोगशाळेत. सहा फूट माणूस, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल.

"कोण हाय तो मास्तर? माझ्या नावानं किडं पाळतोय म्हणं! आं? बापानं ठिवल्यालं नाव हाय माझं, तुमी नळीत घालून ठिवता?"

मी टेबलामागं सरकलो. सर मात्र पाहुणा आल्यासारखे उठले. "या, या अप्पा. बसा. बरं झालं आलात. मीच खबर पाठवणार होतो. दाखवू का?"

"काय दाखवता?"

सरांनी फ्रिज उघडला, खालच्या फळीवरची नळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. बाकीच्या नळ्यांत रेघ पिवळट, मळकट. या नळीत गुलाबी. ती मंडळी वाढायलाच महिना घ्यायची, आणि तेही खाद्यात लोणच्याएवढं मीठ घातलं तर. "तुमच्या चोपणातलं हाय," सर म्हणाले. "मी लई रानं धुंडाळली अप्पा. हा रंग दुसरीकडं कुठंच गावला न्हाय. एवढ्या मिठात दुसरा कुणी मरून जाईल. हे तिथंच सुखात हायत."

अप्पांनी नळी हातात घेतली. वळवून वळवून बघितली. मग एकदम म्हणाले, "म्हंजे माझ्या रानात उगवतंय की काहीतरी!"

"उगवतंय म्हणजे काय!"

"आमच्या भावकीनं वाटणीत मुद्दाम ते चोपण माझ्या गळ्यात मारलं, सर. तीस वर्सं झाली. गाव म्हणतंय, लिंबाजीच्या रानात मुंगी पण उपाशी मरती." आणि हा सहा फुटी माणूस ती नळी धरून असा हसायला लागला की मला तोंड फिरवावं लागलं. जाताना माझ्याकडं वळून म्हणाला, "ओ साहेब, नाव जरा मोठ्या अक्षरात लिवा की."

त्यानंतर अप्पा बाजाराला, कचेरीला, कशालाही इकडं आले की दारातनं आधी विचारायचे, "आमची मंडळी कशी हायत?" सर सांगायचे, "खुशाल हायत." अप्पा म्हणायचे, "जेवत्यात न्हवं?" मी मागं हसायचो. म्हणायचो, एक येडा होता, आता दोन झाले. सरांनी मात्र एकदाही थट्टेनं उत्तर दिलं नाही. नेमकं सांगायचे, कधी हलवली, किती वाढली.

मग आले एक मोठे शास्त्रज्ञ. कुठल्या विद्यापीठाचे ते विचारू नका. पांढरी गाडी, बर्फाचा डबा, बरोबर दोन विद्यार्थिनी. सरांनी लेक सासरी पाठवावी तशा नळ्या कापसात गुंडाळून दिल्या. गुलाबी तर दोन दोन. वर चार पानं लिहून दिली, कुणाला किती मीठ, कुणाला किती ऊन. मी म्हणालो, "सर, पावती तरी घ्या." म्हणाले, "मेहमानाकडून पावती घेतात का, मियाँ?"

दोन वर्षांनी इंग्रजी मासिकात लेख आला. रंगीत चित्रं, वंशावळीची फांद्याफांद्यांची झाडं, आणि सगळ्यांत खाली मुंगीच्या अक्षरात 'स्थानिक शेतकरी व महाविद्यालय यांचे आभार'. मुजावर हे नाव भिंग घेऊन शोधलं, सापडलं नाही. माझं डोकं भडकलं. मी म्हणालो, "सर, गाढवाच्या मेहनतीचं कुंभाराला श्रेय! फोन लावा, दोन शिव्या घाला. तुम्हाला येत नसतील तर मी घालतो."

सर चष्मा लावून लेख वाचत होते. "हे बघा, त्यांच्या मशीननं नाव तरी कळलं. आपल्याकडं मशीन कुठंय?"

"पण तुमचं नाव कुठंय?"

"माझं नाव मला माहीत हाय की."

हे असं! राग यायचं यंत्रच अल्लानं त्या माणसात बसवलं नव्हतं. फ्रिजचं दार उघडं राहिलं तरच तेवढे करवादायचे. "वाघमारे, दार! तकलीफ होतीय त्यांना!" आणि आम्ही? आम्ही त्याच चांगुलपणाच्या पाठीवर बसून वीस वर्षं चेष्टा केली.

पुढचं माझ्याच तोंडानं सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी त्याला खोटारडा म्हणीन.

सरांच्या रिटायरमेंटला तीनचार महिने उरले होते. कॉलेज तपासायला समिती येणार होती. समिती येणार म्हणजे काय तुम्हाला सांगायला नको. भिंतींना रंग, कुंड्या भाड्यानं, पोरांना गणवेश, आणि वाचनालयात पुस्तकांवरची धूळ झाडायला तीन माणसं. त्याच आठवड्यात भाभींचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. सर सोलापूरला हॉस्पिटलात. प्राचार्य आमच्या प्रयोगशाळेत आले, फ्रिज उघडला आणि नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे, वाघमारे?"

"सरांची मंडळी हाय, साहेब. कल्चर."

"किती जुनं?"

"वीसेक वर्षं."

"वीस वर्षांचं कुजकं सामान समितीला दाखवणार? खालचे दोन कप्पे रिकामे करा. पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ गार ठेवायचेत. सकाळी मला रिकामे दिसले पाहिजेत."

फोन करावा असं वाटलं. फोन काढलासुद्धा. मग मनाशी म्हणालो, माणूस हॉस्पिटलात आहे, कशाला त्रास? पण ते खोटं होतं. फोन केला असता तर सर नको म्हणाले असते, आणि मग मला प्राचार्यांना नको म्हणावं लागलं असतं. मला ते जमणार नव्हतं. म्हणून फोन खिशात गेला.

नळ्या नुसत्या काढून खोक्यात ठेवता आल्या असत्या. दोन दिवस बाहेर राहिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं, हे मला आज कळतं. पण सरांनीच शिकवलेलं, की कल्चर कधी उघड्यावर टाकायचं नाही, आधी कुकर लावायचा. आणि साहेब म्हणाले होते रिकामं करा. माझ्या डोक्यात काढणं म्हणजे टाकणं, आणि टाकणं म्हणजे कुकर. मोठा नियमानं वागणारा कर्मचारी ना मी! दोन फळ्यांवरच्या सगळ्या नळ्या ट्रेमध्ये भरल्या, कुकरचं झाकण घट्ट केलं, दाबाचा काटा चढवला. वरचे कप्पे वाचले, कारण बाटल्या तेवढ्याच होत्या.

समिती आली. एका साहेबांनी विचारलं, "इथल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काही स्थानिक काम?" प्राचार्यांचा चेहरा फुलला. "आहे ना! आमच्याकडं फार जुना संग्रह आहे," म्हणाले आणि ऐटीत फ्रिज उघडला. खाली पाण्याच्या बाटल्या, आणि वरच्या नळ्यांपुढं निशिगंधाची रास. साहेबांनी एक बाटली घेतली, प्यायले आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर अहवालात आलं, प्रयोगशाळेत पिण्याच्या थंड पाण्याची सोय उत्तम. आमच्या कॉलेजला त्या वर्षी चांगली श्रेणी मिळाली. पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

सर सोमवारी आले. फ्रिज उघडून उभे राहिले. दार उघडंच. एक मिनिट, दोन मिनिटं. मी मागं उभा, तोंडात काय बोलायचं ते घोळवत. प्राचार्यांनी सांगितलं, असं म्हणणार होतो.

सर न वळता म्हणाले, "किती दाबावर लावलं?"

"पंधरा, सर."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"बरोबर केलं," म्हणाले. "शिकवलं होतं तसंच केलं तुम्ही."

शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. तो माणूस शर्टाच्या बाह्या सारून मोरीवर गेला आणि त्या मेलेल्या नळ्या एकेक करून स्वतः धुवायला लागला. ते माझं काम होतं. मी ब्रश मागितला, त्यांनी दिला नाही. 'तामलवाडी, लिंबाजी, चोपण' ही चिठ्ठी भिजवून काढताना ती फाटली. तेव्हा पहिल्यांदा त्यांचे हात थांबलेले बघितले.

"बाकीचे परत गावतील," ते म्हणाले. "पण गुलाबी सगळी खालच्याच फळीवर होती."

मग त्या शास्त्रज्ञाला फोन लावला. मीच लावून दिला. तिकडून गोड आवाज आला, स्पीकरवर. "हो हो, मुजावर सर! ती जिवंत कल्चर्स? ती कधीच टाकून दिली, जागा नसते ना. पण काळजी करू नका, त्यांची सगळी जनुकीय माहिती संगणकावर आहे. तुम्ही डाउनलोड करू शकता." सर "शुक्रिया" म्हणाले आणि फोन ठेवला. वर शुक्रिया! माणूस गेला तरी आधार कार्ड शिल्लक आहे, असला तो प्रकार. मी त्या शास्त्रज्ञाला तोंडभर शिव्या दिल्या. त्याला देणं सोपं होतं.

"उन्हाळा येऊ दे," सर म्हणाले. "अप्पांच्या रानात मेच्या उन्हात पांढरं फूल पुरतं आलं की वरचा पापुद्रा आणू. त्यातच असतात ते. महिन्याभरात नवी रेघ उठंल." मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मीच कॅलेंडरवर दिवस मोजायला लागलो. मार्च गेला, एप्रिल गेला. ऊन चढेल तसा मी खूश. लोक पंख्याखाली कण्हत होते आणि मी म्हणत होतो, तापू दे अजून.

मेअखेर सरांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, प्राचार्यांचं वीस मिनिटं भाषण, त्यात सूक्ष्मजीव हा शब्द एकदाही नाही. शेवटी प्राचार्य म्हणाले, नळ्या कॉलेजच्या आहेत, धुऊन जमा करा. सर म्हणाले, "करतो." वरच्या कप्प्यातली मंडळी त्यांनी आधीच सरकारी दवाखान्यातून आणलेल्या, उकळून घेतलेल्या इंजेक्शनच्या बाटल्यांत हलवली होती. त्या घरच्या फ्रिजमध्ये गेल्या, कोथिंबिरीच्या शेजारी. भाभींनी नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवर तामलवाडीला निघालो. सर चालवत होते, मी मागं, मांडीवर नव्या, निर्जंतुक केलेल्या नळ्यांचा डबा. तो डबा मी तीनदा कुकरला लावला होता. रस्त्यानं सर मोकळे बोलत होते. अप्पांना इतके महिने सांगायचं टाळलं होतं त्यांनी. "आधी नवी रेघ उठू दे, मग सांगू," म्हणाले. "उगाच त्यांच्या जिवाला घोर नको."

गाव आलं. सरांनी स्कूटर हळू केली, पुढं गेले, वळून परत आले. लिंबाच्या झाडावरून रान ओळखायचं, ते झाड होतं. झाडाखाली ट्रक उभे होते. चोपण होतं तिथं मुरमाचा भराव, भरावावर लाल-करडे पेव्हर ब्लॉक, आणि त्यावर ढाबा. पाण्याच्या टाकीपासून संडासापर्यंत जमिनीचा एक वीतभर तुकडा उघडा नव्हता. सर उतरले. चपलेच्या टोकानं दोन ब्लॉकमधली फट खरवडून बघितली. सिमेंट होतं.

"सर! आवो सर!" गल्ल्यावरनं लिंबाजीअप्पा धावत आले. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला अबीर, चेहऱ्यावर सगळं बरं चालल्याची तुकतुकी. "बसा बसा. ए, दोन पेशल सांग! पोराचा ढाबा हाय. रस्ता मोठा झाला, जागेला भाव आला, आर्धं इकलं आन् आर्ध्यावर ह्यो. माझं चोपण कामाला आलं बघा शेवटी!" आणि मग, खुर्ची ओढत, नेहमीसारखं, "आमची मंडळी कशी हायत?"

मी डब्याकडं बघत होतो.

"गेली, अप्पा," सर म्हणाले. "सगळी गेली. माझ्या हातून चूक झाली."

अप्पांनी टोपी काढली. कुणाच्या घरची बातमी ऐकावी तसे हळूच बसले. "कवा?"

"तीनचार महिने झाले. म्हटलं, इथनं परत नेऊ. म्हणून आलो होतो."

पोरगं चहा ठेवून गेलं. मग अप्पा भरावाकडं बघत म्हणाले, "इकताना एकदा मनात आलं होतं, सर. मुरूम पडायला लागला तवा. बायकोला म्हनलं पन, आगं, त्यातली ती गुलाबी! मग म्हनलं, जाऊ दे, सरांकडं हायत की."

खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. त्याच वेळी टेबलाखालून सरांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. "लापरवाही झाली माझी," ते अप्पांना म्हणाले. "माफ करा."

"असू द्या. तुमी काय मुद्दाम केलं का?" अप्पांनी कप सरांपुढं सरकवला. "च्या घ्या. ए साहेब, तुमी बी घ्या, गार व्हतोय."

प्राचार्यांपुढं गप्प बसलो ते भीतीनं. इथं कसली भीती होती? तो म्हातारा मला मारणार नव्हता, नोकरीवरनं काढणार नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, अप्पा, मी केलं. ज्याला त्याला फाडफाड बोलणारा मी, वाघमारे; पण तो हात गुडघ्यावर आला तेव्हा मला बरं वाटलं. सरांनी कप उचलला होता आणि फुंकर न घालताच प्यायला लागले होते. मीही माझा उचलला, आणि सगळा प्यालो.